ढगात शिरल्यावर कानाचं ऐकू नका



मी बरीच वर्षं हेलिकॉप्टर चालवलं. आता तरुण वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवतो. रुग्णाला घ्यायला निघालेलं हेलिकॉप्टर वाटेत अचानक ढगात सापडतं, तेव्हा नेमकं काय होतं, हे आज सांगणार आहे. विषय वैमानिकांचा वाटेल, पण तुमचाही आहे. कसा, ते शेवटी सांगतो.

तुमच्यापैकी अनेकजण लहानपणी फुगडी खेळले असतील. गरगर फिरून एकदम थांबलं की आपण थांबतो, पण घर फिरतच राहतं. आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की तो द्रव जरा मागे राहतो, त्यावरून मेंदूला वळण कळतं. पण वळण एकसारखं चालू राहिलं, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो. मग कान सांगतो, ‘आपण सरळ चाललोय.’ वळण फार सावकाश सुरू झालं, तर ते कानाला कळतही नाही. एरवी डोळे ही चूक सुधारतात. ढगात मात्र बाहेर क्षितिजच नसतं.

1954 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेले 20 वैमानिक घेतले आणि त्यांना बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था केली. वीसच्या वीस जणांचं विमानावरचं नियंत्रण सुटलं. सरासरी वेळ लागला 178 सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. आणि ही विमानं होती. साधं हेलिकॉप्टर तर विमानाहून कमी स्थिर असतं.

आता कुणी म्हणेल, हे उपकरणांवर न उडलेले लोक होते. मग 8 डिसेंबर 2021 आठवा. कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं, 14 जण गेले. हवाई दलाच्या प्राथमिक चौकशीचा निष्कर्ष होता, की दरीतलं हवामान अनपेक्षितपणे बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला. तिथे अनुभवाची कमी नव्हती. कान सगळ्यांचे सारखेच असतात.

वैद्यकीय उड्डाणात आणखी एक ओझं असतं, मागे झोपलेल्या माणसाचं. 27 सप्टेंबर 2008 च्या रात्री अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पोलिसांचं हेलिकॉप्टर मोटार अपघातातल्या दोन मुलींना घेऊन निघालं. हवा बिघडली, म्हणून वैमानिक जवळच्या विमानतळाकडे वळला. जमीन दिसावी म्हणून तो वेगाने खाली उतरत गेला आणि झाडांवर आदळला. पाचपैकी एकच मुलगी वाचली.

खाली जावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, कारण जमीन म्हणजे ओळखीची जागा. म्हणून सिम्युलेटरमध्ये मी न सांगता ढग आणतो आणि पाहतो, हात कुठे जातो. शिकवण साधी आहे. आधी हेलिकॉप्टर समतल करा. नजर उपकरणांवर ठेवा. डोंगरापासून दूर दिशा धरा. वर चढा. रेडिओवर बोलणं त्यानंतर. कान ओरडून सांगेल, ‘तू उजवीकडे कलतोयस.’ त्याचं ऐकायचं नाही.

पण खरा शहाणपणा ढगाच्या आधीचा. हवा बिघडली की वैमानिक नकळत वेग कमी करतो, खाली येतो, ‘अजून थोडं पुढे पाहू’ म्हणतो. म्हणून अमेरिकेतल्या वैद्यकीय हेलिकॉप्टर वैमानिकांनी एक रेघ ओढली. वेग नेहमीपेक्षा 30 नॉट कमी करावा लागला, किंवा ठरवलेल्या उंचीखाली यावं लागलं, तर विचार संपला. मागे फिरा, किंवा शेत दिसेल तिथे उतरा. उभ्या उभ्या उतरता येतं हेच तर हेलिकॉप्टरचं भाग्य! रुग्णाला तिथून गाडीने नेता येतं.

दुसरा नियम मला फार आवडतो. निघायचं की नाही हे ठरेपर्यंत वैमानिकाला रुग्णाबद्दल काही सांगायचं नाही. लहान मूल आहे, बाळंतीण आहे, काही नाही. त्याने फक्त हवा बघायची. आणि उड्डाणाला सगळ्यांचा होकार लागतो, नकार एकाचा पुरतो. नर्सचा असला तरी.

आता तुमचा भाग. आपल्याकडेही हेली-अँब्युलन्स येऊ लागल्या आहेत. एम्स ऋषिकेशची सेवा 2024 मध्ये सुरू झाली. उद्या तुमच्या घरचं माणूस अत्यवस्थ असेल आणि वैमानिक म्हणेल, ‘आत्ता नाही.’ तेव्हा कृपा करून मंत्र्याला फोन लावू नका, ‘घाबरला’ म्हणू नका. त्याने आत्ताच तुमच्या माणसासकट सगळ्यांचा जीव वाचवलेला असू शकतो. तुम्ही एवढंच विचारा, ‘रस्त्याने किती वेळ लागेल?’ आणि लगेच निघा.