कामावर जाण्या-येण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात?

(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजरा तालुक्यातील कष्टकरी व नोकरदारांच्या रोजच्या प्रवासावर बोलावे, असे मंडळाने मला सुचविले. मी काही या विषयाचा अभ्यासक नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. परंतु काउंटरवर बसून माणसे दिसतात आणि बेरीज-वजाबाकीची सवय असते, तेवढ्या भांडवलावर चार शब्द बोलतो.

आपल्या वाडवडिलांच्या काळी आजरा, गडहिंग्लज, चंदगड या भागातून पुष्कळ माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांचा प्रवास वर्षातून एकदा-दोनदा. मुंबईत खोली ते गिरणी हे अंतर पायी जाण्याइतके. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर हळूहळू गिरण्याच मोडल्या आणि कितीतरी जण गावी परतले. त्यांची पुढची पिढी काही पुण्या-मुंबईला गेली. जी राहिली ती मात्र रोज जाते-येते. कोणी गडहिंग्लजला दुकानात किंवा औद्योगिक वसाहतीत, कोणी हंगामापुरते गवसे येथील साखर कारखान्यात, बाया काजूच्या कारखान्यात, तरुण पोरे गवंड्याच्या हाताखाली. तालुक्यात रेल्वे नाही. म्हणजे एसटी, वडाप, मोटारसायकल आणि शेवटी आपले पाय.

याची सरकारी मोजदाद कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि जाण्याचे साधन यांचा तक्ता आहे. पायी, सायकल, मोटारसायकल, बस असे रकाने. अंतराचे गट एक किलोमीटरपर्यंत, दोन ते पाच, सहा ते दहा, असे पन्नासच्या पुढेपर्यंत. तक्ता चांगला आहे. परंतु त्यात दोन गोष्टी नाहीत. पहिली, तो फक्त 'इतर कामगारां'चा आहे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात राबणारे त्यात धरलेले नाहीत. आपल्या वस्तीतली जी बाई रोपलावणीला, भांगलणीला चार-पाच किलोमीटर चालत जाते, तिचे चालणे त्या तक्त्यात कुठेच नाही. दुसरी गोष्ट, तिथे किलोमीटर आहेत, तास नाहीत.

आणि आपल्याकडे खरा प्रश्न तासांचा आहे. आजऱ्याहून गडहिंग्लज वीस-पंचवीस किलोमीटर. मोटारसायकलवाल्याला अर्धा-पाऊण तास. पण आडवळणाच्या वाडीतून निघणाऱ्याचे गणित वेगळे. वाडीपासून थांब्यापर्यंत चालणे, गाडी येईपर्यंत उभे राहणे, आजऱ्यात उतरून दुसरी गाडी बघणे. ज्या गावात मुक्कामाची एसटी असते, तिथल्या माणसाची सकाळ तरी सुखाची. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपलेले असतात, गाडी वेळेवर सुटते. बाकीच्यांना वाट पाहणे आले. संध्याकाळी वडाप मिळते, पण ते भरल्याशिवाय हलत नाही. वडापवाल्याला मी दोष देत नाही, त्यालाही डिझेल परवडले पाहिजे. त्यात मागासवर्गीयांची वस्ती बहुतेक गावांत एका कडेला आणि थांबा गावठाणात. आपल्याकडचा पाऊस आणि हल्ली पहाटे रस्त्यावर येणारे गवे धरले, तर ते शेवटचे अर्धा किलोमीटर बाईमाणसाला किती लांब वाटते, हे घरोघरी विचारा.

आता थोडा हिशेब. जाता-येता मिळून रोज अडीच तास धरा. महिन्याचे पंचवीस दिवस. साडेबासष्ट तास झाले. आठ तासांची एक पाळी धरली, तर जवळजवळ आठ पाळ्या. पगार पंचवीस दिवसांचा, देह मात्र तेहतीस दिवसांचा झिजतो. काजूच्या कारखान्यात सोललेल्या गराच्या वजनावर मजुरी असेल, तर अर्धा तास उशीर म्हणजे तेवढा गर कमी. घरी आल्यावर पाणी, चूल, पोरांचा अभ्यास आहेच.

सवलती आहेत, त्या आपल्या लोकांना पूर्ण ठाऊक नसतात. एसटीचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सूट मिळाली. पण भाडे अर्धे झाले म्हणून वेळ अर्धा होत नाही. गाडीच वेळेवर नसेल तर सवलत हातात राहते आणि बाई वडापात बसते, तिथे पूर्ण पैसे मोजावे लागतात.

नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला. संपकऱ्यांची बाजू त्यांच्या जागी होती. पण त्या सहा महिन्यांत, आणि त्याआधीच्या टाळेबंदीत, आपल्या भागातील पोरांनी एक गोष्ट ठरवली की मोटारसायकल घेतल्याशिवाय नोकरी टिकत नाही. तेव्हापासून मी काउंटरवर बघतो, पगार जमा होतो आणि हप्ता कापला जातो. हप्ता, पेट्रोल, विमा यांची बेरीज करून मगच सही करा, असे मी पोरांना सांगतो. काही ऐकतात.

मित्रहो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. ते तास कारखान्याच्या फाटकापासून मोजले जातात. फाटकाबाहेरच्या तासांचे काय, हा प्रश्न अलीकडे न्यायालयापुढे आला. आपल्याच महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना अपघातात गेला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध सिद्ध होत असेल, तर घर ते कामाचे ठिकाण या वाटेवरचा अपघातही नोकरीतलाच समजावा. त्या घराला बावीस वर्षे वाट पाहावी लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशी तरतूद आहे. परंतु 'संबंध सिद्ध होणे' हे शब्द लक्षात ठेवा. हजेरीपट, पाळीचा कागद, पास, तिकीट हे जपून ठेवले तरच ते सिद्ध होते. ज्या बाईचा मालक दर आठवड्याला वेगळा, तिच्याकडे यातला एकही कागद नसतो.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक ठरला आहे. तोपर्यंत कॉलेजच्या मुलांनी एक काम करावे. आपापल्या वस्तीत दोन आठवडे एक वही फिरवावी. घर सोडल्याची वेळ, थांब्यावर पोचल्याची वेळ, गाडी आल्याची वेळ, कामावर पोचल्याची वेळ, परतीचेही तसेच. शेतमजूर बायांची नावे आधी घ्या, कारण त्या 'आम्ही कुठे प्रवास करतो' म्हणतील. 'गाडी वेळेवर नाही' असा अर्ज आगारात कोणीही देतो. परंतु अमुक वाडीतील इतकी माणसे सव्वासातला थांब्यावर असतात, गाडी आठला येते आणि कामाची वेळ साडेआठची आहे, असा तक्ता जोडलेला अर्ज निराळा असतो. तक्ता आखून, बेरजा मारून द्यायला मी रविवारी सकाळी विहारात बसेन. वह्या मंडळाने द्याव्यात, एवढी अध्यक्षांना विनंती.