पोपट उडवायचाय? आधी परत यायला शिकवा



मकाव किंवा काकाकुव्यासारखा पाळलेला परदेशी पोपट
मोकळ्या आकाशात उडू शकतो.
पण त्याला आधी शिकवायचं, ते परत येणं.

पहिला धडा घरातच द्या.
दारं-खिडक्या लावा. पंखा बंद करा.
हाक मारा...
पक्षी हातावर आला, की लगेच आवडीचा दाणा द्या.
मग हळूहळू अंतर वाढवा.

पुढचा धडा, उंचावरून खाली उतरण्याचा.
झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या नवख्या पोपटाला
खाली कसं यावं, तेच कळत नाही.

म्हणून पुन्हा सांगते,
आधी परत येणं... मग उडणं.

बाहेर शिकवताना जाणकार माणूस सोबत हवा.
मैदान विजेच्या तारांपासून दूर असावं.
जोराचा वारा असेल, घार किंवा ससाणा दिसला,
तर त्या दिवशी उडवू नका.

मित्रमंडळींना पोपटाचं उडणं दाखवायचंय?
आधी पक्ष्याला अनोळखी माणसांची सवय करा.
गोंगाट टाळा.

आणि श्रोतेहो, कायदाही पाळा.
परदेशी पक्ष्याची सरकारी नोंदणी करा.
आपला हिरवा, लाल चोचीचा देशी पोपट मात्र पाळूच नका.
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.