पदक कोणाचे, हाडे कोणाची?

(पिंपळगाव बसवंत येथील व्याख्यानाचा मजकूर)

पिंपळगाव बसवंतच्या बागाइतदारांना प्रतवारी म्हणजे काय हे सांगावयास नको. द्राक्षाचा मणी मिलिमीटरमध्ये मोजला जातो आणि मापात न बसणारा माल निर्यातीच्या पेटीतून बाजूला काढला जातो. हाच न्याय बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या देहाला लावला म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे असेल तर जिम्नॅस्टिक्सकडे पाहावे.

लहान चणीचा, हलका देह हवेत लवकर फिरतो, हे खरेच आहे. १९७६ साली माँट्रिअलला नादिया कोमानेचीने १० पैकी १० गुण मिळविले, तेव्हा ती अवघी १४ वर्षांची होती. बालदेह हाच या खेळाचा आदर्श, ही समजूत त्या काळात जगभर रुजली. स्पर्धकाचे किमान वय १६ व्हावयास १९९७ साल उजाडावे लागले.

कुस्तीत वजनगट नियमातच लिहिलेला असतो. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी अपात्र ठरली, ती त्या नियमाने. जिम्नॅस्टिक्सच्या नियमांत वजनगट मुळीच नाही. तरीही मुलींना काट्यावर उभे केले जाते. हुकूम बिनलेखी, म्हणून त्याविरुद्ध दाद मागावयासही जागा नाही. अमेरिकेच्या क्रिस्टी हेन्रिचला १९८८ साली बुडापेस्टला एका परीक्षकाने वजन कमी कर असे सुचविले. पुढे तिने अन्नच टाकले आणि १९९४ साली, वयाच्या २२व्या वर्षी, ती मरण पावली. एका टप्प्यावर तिचे वजन २२ किलोहूनही कमी भरले होते.

सगळ्या मुली अशा मरत नाहीत. बहुतेकींची झीज मुकाट्याने होते. अर्धपोटी शरीर प्रथम मासिक पाळी थांबविते, मग हाडे ठिसूळ होऊ लागतात. हाडांची पुंजी साधारणपणे पंचविशी-तिशीपर्यंतच साठते. त्या वयात झालेली तूट पुढे सहसा भरून निघत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार सरळ आहे. पदकाचा लाभ संघटना, पुरस्कर्ते आणि राष्ट्र चार-सहा वर्षांत उचलतात; खर्च मात्र त्या स्त्रीच्या साठीतल्या कमरेवर टाकला जातो. कोणत्याही क्रीडा संघटनेच्या ताळेबंदात तो दिसत नाही.

आणि ही किंमत अटळ आहे असेही नाही. सपाट तळव्यांची दीपा कर्माकर २०१६ साली रिओला व्हॉल्टमध्ये चौथी आली आणि २०२४ साली, तिशीत, तिने आशियाई सुवर्णपदक जिंकले. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोत उतरली, ती ४६व्या वर्षी. त्याच स्पर्धेत, २०२१ साली, जर्मनीच्या मुलींनी पायघोळ पोशाख घातला. नियमांत ती मुभा आधीपासून होती. वापरण्याचे धैर्य तेवढे नवे होते.

आपल्याकडे प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. तिच्यामागून धावू पाहणारी पाड्यावरची मुलगी काय, किंवा दोरीच्या मल्लखांबावर चढणारी गावातली मुलगी काय, बहुधा घरातल्या सर्वांमागून जेवते. जिच्या ताटात आधीच कमी आहे तिला ‘कमी खा’ म्हणणे, हा सल्ला नव्हे, क्रौर्य आहे. मैदानावर तिला बारीक हो म्हणतात. घरी उन्हात काळी पडशील, लग्न जमणार नाही म्हणतात. देह तिचा, पण मत इतर सर्वांचे.

तेव्हा मागण्या साध्याच ठेवाव्यात. मुलींचे वजन चारचौघांत घेऊन मोठ्याने वाचणे बंद व्हावे. सरावानंतर दूध, अंडी, शेंगदाणे मिळण्याची तरतूद क्रीडा अनुदानातच असावी. पोशाखाची निवड मुलीची असावी. पाळी चुकू लागली तर ते विश्वासाने सांगता येईल अशी एखादी शिक्षिका किंवा डॉक्टर प्रत्येक केंद्राशी जोडलेली असावी. निफाड तालुक्यातील खेळाडू मुलींच्या रक्ताची तपासणी वर्षातून किती वेळा होते, आणि झालीच तर तिचा अहवाल मुलीच्या हाती पडतो की दप्तरात राहतो, याची चौकशी कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून या सत्रातच सुरू करावी.