पाठीवरचा पंप
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. पाठीवरच्या पंपावर बोलणार आहोत.

शेतकीची पदवी घेऊन आम्ही गावोगाव फिरलो. एकरी औषध किती, पाणी किती, हे तोंडपाठ सांगायचो. फवारणाऱ्याच्या अंगात किती जातं, हे कधी सांगितलं नाही. ही चूक आमची आहे. विषाला औषध म्हणायलाही आम्हीच शिकवलं.

२०१७ सालचा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. फवारा झाडावर कमी, तोंडावर जास्त.

दांड्याचा पंप माणसाला दमवायचा. दमला की माणूस धुऱ्यावर बसायचा. बॅटरीचा, पेट्रोलचा पंप आला. कष्ट वाचले, पण ते बसणंही गेलं. मजुरी टाकीवर ठरलेली. जितक्या टाक्या जास्त तितके पैसे जास्त, आणि तितकंच विष अंगात जास्त. हे कोणी ठरवून केलं नाही, पण झालं.

मग वरून सांगतात, शेतकऱ्याने हातमोजे घातले नव्हते! आश्विनाच्या उन्हात प्लास्टिकचा अंगरखा घालून सांगणाऱ्याने दोन टाक्या मारून दाखवाव्यात. तरीही भावांनो, जे आपल्या हातात आहे ते तरी करू.

नाझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. त्याच हाताने खर्रा घोटू नका. दोन-तीन विषं एका टाकीत कालवू नका. वाऱ्याकडे पाठ करून फवारा. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा. रिकामा डबा पाण्याला वापरू नका.

आणि शेजाऱ्याने फवारलं म्हणून फवारू नका. कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले, तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा विचार करा. वाचलेली टाकी म्हणजे वाचलेले पैसे आणि वाचलेला माणूस.

फवारताना लाळ सुटली, घाम फुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ऊन लागलं समजून घरी निजू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. विष कोणतं हे कळलं तरच डॉक्टरला नेमका उपाय करता येतो.

शेवटचं मालकांना. आपल्यातले बरेच जण स्वतः फवारत नाहीत, मजुराकडून फवारून घेतात. तो मजूरही कोणाचा तरी बाप आहे. त्याची मजुरी टाकीवर न ठरवता दिवसावर ठरवा, दुपारी त्याला सावलीत बसवा. मालाला रास्त भाव मागणाऱ्यांनी माणसाच्या जिवाचा भाव आधी ओळखला पाहिजे. हा ठराव मुंबई-दिल्लीकडे पाठवायचा नाही. तो आज आपल्याच गावात करायचा आहे.