गाव सोडा, जमीन नाही



परळ-लालबागेत हल्ली एकच सवाल ऐकतो : इथं खोली पक्की झाली, मग गावचं घर न् जमीन फुंकून टाकायला काय हरकत? वर बाबासाहेबांचा दाखला. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याची लक्तरं वेशीवर टांगली, खरंय. पण १९२८ ला कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते कशाला? गावकी जावी, जमीन राहावी म्हणून. १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं लाखो माणसं तुरुंगात गेली, ती पण जमिनीसाठीच.

१८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप घ्या. अडीच लाख कामगार बाहेर. ज्याचं साताऱ्यात, कोकणात वावर होतं तो गावी जाऊन भाकरी खाऊन लढला. ज्याला वावरच नाही त्यानं कुठं जायचं?

मी गोदीत हमाली करतो. गावाकडं आज्याच्या नावावर पाऊण एकर वतनी तुकडा. चुलते म्हणतात, पोरा, हक्कसोडपत्रावर सही कर, गिऱ्हाईक आलंय. वतनं १९५९ ला खालसा झाली, जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. गिऱ्हाइकाला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यावरच तर तो भाव पाडतो! मी म्हटलं, तात्या, पिकवा, खा, माझा वाटा मागत नाही. पण सही नाही.

तुमच्यातल्या किती जणांनी घरचा सातबारा बघितलाय? आजा मेला तरी त्याचंच नाव असेल, तर तलाठ्याकडं जाऊन आधी वारसनोंद लावा. बहिणींची नावं पण घाला.