अनोळखी ई-मेल आणि आपली सावधगिरी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



घराच्या दारात एखादा अनोळखी इसम आला, तर आपण विचारतो, ‘कोण आपण? कुठून आलात?’ ओळख पटल्याशिवाय त्याला आत घेत नाही. मात्र मोबाइलवर ई-मेल आला की ही रीत आपण विसरतो.

जानेवारी २०१५ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेतील काही कर्मचाऱ्यांना एका नोकरी मागणाऱ्या उमेदवाराचा ई-मेल आला. भाषा नम्र होती. सोबतच्या दुव्यावर माझी माहिती आहे, ती पाहावी, एवढीच विनंती होती. बँकेतील काही संगणकांवरून तो दुवा उघडला गेला आणि चोरांचा शिरकाव झाला. वर्षभराने, ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री, बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे खोटे हुकूम सुटले. तो गुरुवार होता. शुक्रवारी ढाक्याला सुट्टी. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपीन्सला पोहोचले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र बचावले, कारण हुकुमात ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि कुणीतरी ते लक्ष देऊन वाचले!

मित्रांनो, लक्षपूर्वक वाचण्याची किंमत यावरून कळावी. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक ई-मेल वाचताना चार प्रश्न विचारा.

पहिला, पाठवणारा खरा कोण? वर ‘मुख्याध्यापक’ किंवा बँकेचे नाव दिसते. ते कोणीही लिहू शकतो. त्या नावावर बोट टेकवून पूर्ण पत्ता पाहा. एखादे अक्षर बदललेले असते, इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य असते. दुसरा, घाई का? ‘आजच भरा, नाहीतर खाते बंद’ ही धमकी विचार करू न देण्यासाठीच असते. तिसरा, मागतो काय? पासवर्ड व ओटीपी कोणतीही बँक मागत नाही. चौथा, मी न मागता ही फाईल किंवा दुवा का आला?

शंका आली तर दुवा उघडू नका, उत्तर देऊ नका, इतरांना पाठवू नका. त्या ई-मेलमधील नंबरावर फोन करू नका. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर विचारा. शाळेच्या किंवा कचेरीच्या खात्यावर तो आला असेल, तर संगणक सांभाळणाऱ्यास ताबडतोब दाखवा. तोच ई-मेल आणखी दहाजणांना आलेला असतो.

आता पालकांना एक विनंती. एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा ई-मेल आला. त्याने भोळेपणाने वडिलांच्या मोबाइलवरील ओटीपी कळवला. पैसे गेले. मुलाला हे त्याच संध्याकाळी समजले; परंतु मार बसेल या भीतीने तो तीन दिवस गप्प राहिला. लगेच बँकेला आणि १९३० या सरकारी क्रमांकावर कळवले असते, तर चोराने रक्कम काढून घेण्यापूर्वी ती अडवता येण्याची आशा होती. तीन दिवसांनी ती उरली नाही. चोराला पहिली मदत मुलाच्या भोळेपणाने केली, दुसरी आपल्या धाकाने! चूक सांगायला आलेल्या मुलाला आधी जवळ घ्या. पासवर्ड बदला, तक्रार करा. समज नंतर द्या.

खात्री नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची शहानिशा करा, ही शिकवण आपल्याला सूरह अल-हुजुरातमध्ये चौदा शतकांपूर्वीच मिळाली आहे. साधने बदलली, शिकवण तीच आहे. ती आपण सर्वांनी आचरणात आणावी, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद!