नुसता गेम की संगणक?
१९८२ च्या सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचं वेड होतं. तेव्हा कमोडोर कंपनीनं अभिनेता विल्यम शॅटनरला जाहिरातीत घेतलं. सांगणं साधं होतं: नुसता गेम कशाला? ३०० डॉलरच्या आत व्हिक-२० संगणक घ्या, मुलं खेळतील आणि शिकतीलही. के-मार्टसारख्या दुकानांतही तो मिळू लागला; विक्री १० लाखांवर गेली.

भारतात १९८६ साली डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस हा असाच घरगुती संगणक आणला. घरचा टीव्ही हाच त्याचा पडदा. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट लावायची आणि प्रोग्रॅम लोड होईपर्यंत काही मिनिटं थांबायचं.

नुसता गेम की संगणक, हा प्रश्न आजही आहेच. म्हणून नागापूर एमआयडीसीत राबणाऱ्या आईवडिलांनो, मुलांसाठी मोबाइल किंवा लॅपटॉप घेताना दुकानदाराला एवढं जरूर विचारा: यावर मुलाला स्वतः काही तयार करता येईल का?